अण्णांच्या लेखाचे पाहुणे

"आज कोणी आलं का?"

सकाळी पावणेआठला जिन्याखालून हा प्रश्न यायचा. बंगळूरच्या राजाजीनगरात अण्णांच्या घरी आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तो मी पहिल्यांदा ऐकला आणि वरून प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "दूधवाला येऊन गेला. आणि कचऱ्याची गाडी."

मग काकूंचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा, आवाज आला, "अहो, तिला अजून सांगितलंच नाहीत तुम्ही."

मग मला खाली बोलावून सांगण्यात आलं. अण्णा अर्थशास्त्रज्ञ होते. इथल्याच एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले. त्यांच्या एका लेखाचा संदर्भ जगात कुठे कुणी दिला की तो 'पाहुणा आला'. कोण आलं, कुठून आलं, हे कॉम्प्युटरवर दिसतं. पण अण्णांच्या डोळ्यांना पडदा सोसत नसे. आमच्या आधीचा भाडेकरू रोज सकाळी बघून सांगायचा. भाडेकरारात पाण्याचं, विजेचं, गाडी लावण्याचं कलम होतं. हे एक कलम तोंडी होतं.

मी सॉफ्टवेअर तपासणारी बाई. दुसऱ्यांच्या चुका शोधून त्या गोड शब्दांत त्यांना कळवायच्या, ह्यावर माझा पगार होतो. माझ्या स्वतःच्या चुका शोधायला घरात नवरा आहे, तो ते काम फुकट करतो. त्यामुळे रोज एक पान उघडून बघणं मला जड नव्हतं. पुढे पुढे तर पाहुणा आला नाही की मलाच चुकल्यासारखं व्हायचं. "आज कोणी नाही, अण्णा," असं सांगताना मी आवाज इतका खाली आणायची की श्रीकांत, म्हणजे नवरा, म्हणायचा, "अगं, डॉक्टर होऊन रिपोर्ट सांगतेस की काय!"

अण्णांचं घराणं तीन पिढ्यांपासून बंगळूरचं. पुण्याहून आलेल्या आम्हा लोकांच्या मराठीला ते 'कोरडी भाजी' म्हणत. त्यांच्या मराठीत 'स्वल्प थांब' होतं, 'बरं बरं'च्या जागी 'सरी सरी' होतं, आणि माहीत नसलेल्या गोष्टीला 'गोत्तिल्ला' असं खणखणीत उत्तर होतं. हे 'गोत्तिल्ला' ते फार वेळा म्हणत. पेट्रोल का महागलं? गोत्तिल्ला. घरांच्या किमती उतरतील का? गोत्तिल्ला. शेजारचे एक गृहस्थ वैतागून म्हणाले होते, "मग चाळीस वर्षं तिथे करत काय होतात तुम्ही?" अण्णा म्हणाले, "हेच शिकत होतो."

आयुष्यभरात त्यांनी अकरा लेख लिहिले. त्यांच्या बरोबरचे लोक वर्षाला तीन-चार लिहीत, समित्यांवर जात, विमानाने दिल्लीला जाऊन संध्याकाळी परत येत. अण्णांची बढती दर वेळी 'उत्पादन कमी' ह्या शेऱ्याने अडली. अकरांतल्या दहा लेखांकडे कुणी फिरकलं नाही. एकदोघांकडे जे गेले ते अण्णा स्वतःच, पुढच्या लेखात मागच्याचा संदर्भ देताना. "आपल्याच घरी आपणच पाहुणा," ते म्हणत. "कॉफीसुद्धा आपणच करायची."

अकरावा लेख पीण्याचा.

बंगळूरच्याच पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या छोट्या छोट्या लेथवाल्यांकडे अण्णा त्या काळी दीड वर्ष पायी हिंडले होते. मंदी येऊन गेली होती. काही शेड बंद पडल्या, काही तगल्या. का तगल्या, हा त्यांचा प्रश्न. उत्तर असं निघालं की ज्या गल्लीत शेजारचे कारखानदार एकमेकांना काम वाटून देत, कागद नाही, करार नाही, नुसत्या शब्दावर, त्या गल्लीतले तगले. शेजाऱ्यावरचा विश्वास हे सुद्धा एक भांडवल आहे, असं त्या लेखाचं म्हणणं. लेख छापला गेला आणि बरीच वर्षं तसाच पडून राहिला. अण्णा निवृत्त झाल्यावर परदेशातल्या कुणा मोठ्या माणसाच्या तो नजरेस पडला, आणि म्हातारपणी मूल व्हावं तसं झालं. पाहुणे यायला लागले. व्हिएतनामहून, ब्राझीलहून, तुर्कस्तानातून. शेकड्यांनी.

प्रत्येकासाठी एक कार्ड. ग्रंथालयात पूर्वी पुस्तकांची कार्डं असायची, तसली. संस्थेने ती लाकडी खणांची कपाटं भंगारात काढली तेव्हा अण्णांनी एक रिक्षात घालून घरी आणलं होतं. मी नाव वाचायचं, गाव वाचायचं, लेख छापून द्यायचा. अण्णा तो भिंगाखाली धरून दोन-दोन दिवस वाचत आणि मग कार्डाच्या कोपऱ्यात शेरा लिहीत. शेरे दोनच. 'आत आला' किंवा 'दारातून गेला'. त्यांचा लेख खरंच वाचलेला दिसला, एखादा तक्ता तपासलेला, एखाद्या वाक्याशी भांडलेला, तर तो आत आला. नुसतं सुरुवातीच्या गोषवाऱ्यातलं एक वाक्य उचललं, तर दारातून गेला. दारातून गेलेल्यांनी तीन खण भरले होते. आत आलेले एका खणाच्या तळाशी सुटसुटीत उभे होते.

"एवढे लोक दारातून कसे जातात, अण्णा?" मी एकदा विचारलं.

"घाई," ते म्हणाले. "पाटी वाचली की घर बघितल्यासारखं वाटतं त्यांना."

ह्याच अण्णांचा आणखी एक नियम काकू मोठ्या कौतुकाने सांगत. सर्व्हेला गेल्यावर ते कुणाकडे काही घेत नसत. पाणी नाही, कॉफी नाही. "बेडा" म्हणायचं, नको, आणि प्रश्न विचारायचे ते शेडच्या फाटकाशी उभं राहून. ज्याच्याकडून माहिती घ्यायची त्याचं मीठ खायचं नाही, म्हणजे आकडा वाकडा होत नाही. दीड वर्ष ते डबा घेऊन पीण्याला जात आणि बसस्टॉपवर खात. काकू म्हणत, "माझी चटणी जेवढी त्या बसस्टॉपने खाल्ली तेवढी आमच्या पोरांनी नाही खाल्ली."

ज्या दिवसाबद्दल सांगायचंय तो काकूंच्या ग्राइंडरमुळे आला. इडलीचं पीठ वाटायचा तो जुना दगडी ग्राइंडर. त्याचा दांडा झिजला, आणि बनवणारी कंपनीच उरली नव्हती. "पीण्यात लेथवर करून मिळेल," अण्णा म्हणाले. शनिवार होता. दांडा पिशवीत घालून मी आणि अण्णा मेट्रोने निघालो. त्यांना ती गल्ली अजून तोंडपाठ होती. ओळीने चार शेड, चार फाटकं, चार पाट्या, चारही नावं वेगवेगळी. "लेखातल्या माझ्या सगळ्यात चांगल्या शेजाऱ्यांची गल्ली," ते मला म्हणाले. नातवंडांची शाळा दाखवावी तशा सुरात.

पहिल्या शेडचा म्हातारा मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याची बायको, सगळे तिला अज्जी म्हणत होते, फाटकाशी आली, डोळे बारीक करून अण्णांकडे बघत राहिली आणि कन्नडमध्ये म्हणाली, "तुम्ही ते कागदवाले साहेब! कॉफी न पिणारे!"

अण्णा खूश झाले. म्हणाले, "तेच."

"आमच्या ह्यांना फार लागलं होतं हो तेव्हा. म्हणायचे, एवढा शिकलेला माणूस, आपल्या घरचं पीत नाही. आज पिणार की नाही?"

"बेडा, बेडा," अण्णांच्या तोंडून सवयीने निघालं. मी म्हटलं, "अण्णा, आज तुम्ही सर्व्हेला आलेला नाही. ग्राइंडर घेऊन आलाय."

ते हसले. आम्ही आत गेलो.

शेडमधून मागे गेलं की एक मोकळं अंगण होतं. तुळस, पाण्याची टाकी, एका दोरीवर वाळत घातलेले पंधरा-वीस शर्ट. चारही शेडची मागची दारं त्याच अंगणात उघडत होती. कडेला एक स्वयंपाकघर. अज्जीने मोठ्या पातेल्यातून कॉफी गाळली, पेले मांडले आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच चार नावांनी हाका मारल्या. चार दारांतून चार माणसं हात पुसत आली.

"हे कोण?" अण्णांनी विचारलं.

"हे दोघं माझे दीर. हा आमचा थोरला. आणि तो नणंदेचा मुलगा."

"सगळे इथेच जेवतात?"

"मग कुठे जेवतील?"

अण्णांनी पेला खाली ठेवला. "मी आलो होतो तेव्हा? तेव्हा पण?"

"तेव्हा तर भांडीसुद्धा पुरायची नाहीत, साहेब. पाळीपाळीने बसायचे."

"पण पाट्या चार…"

अज्जीला ह्यात विचारण्यासारखं काय आहे ते कळेना. "कारखाने चार नावांनी लहान-लहान दाखवले की सरकारी कागद सोपे जायचे. सगळेच करायचे. तुम्ही विचारलं नाहीत कधी."

दांडा छान करून मिळाला. परतीच्या मेट्रोत अण्णा तो मांडीवर धरून बसले होते. नागसंद्रा स्टेशनकडून येणारा तो डबा रिकामाच होता. मला त्यांच्या शास्त्रातलं काही कळत नाही, पण एका ताटात जेवणारे भाऊ एकमेकांना शब्दावर काम देतात, ह्याला शेजारधर्म म्हणत नाहीत, एवढं मला कळलं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढचे दोन महिने ते रोज पीण्याला गेले. जुन्या यादीतली प्रत्येक गल्ली. ह्या वेळी ते सगळीकडे आत जाऊन बसत आणि कॉफी घेत. मधुमेह होता, तरी. काकू ओरडल्या तर म्हणाले, "त्या वेळची राहिलेली पितोय." मग वही काढून चार दिवस गणित केलं. शेवटी मला खाली बोलावलं.

"बहुतेक ठिकाणी असंच," ते म्हणाले. "एक घर मी चार शेजारी म्हणून मोजलं. ते वगळलं तर जे उरतं त्यावर काही सांगता येत नाही. लेख चूक आहे. पत्र लिहून घे."

ते पत्र मी टाईप केलं. मासिकाच्या संपादकांना, आणि प्रत संस्थेच्या संचालकबाईंना. एका पानाचं. त्यात सबब नव्हती. 'मी फाटकाशी उभा राहून माहिती घेतली, आत गेलो असतो तर कळलं असतं,' असं सरळ वाक्य होतं.

काकू दारात उभ्या होत्या. "ह्या वयात तुम्हाला कुणी विचारलंय का?" त्या म्हणाल्या.

त्या असं म्हणाल्या ह्याला कारण होतं. संस्थेने ठरवलं होतं की त्या लेखाच्या निमित्ताने अण्णांचा सत्कार करायचा आणि दर वर्षी त्यांच्या नावाने एक व्याख्यान ठेवायचं. संस्थेचं नाव जगात ज्या मोजक्या लेखांमुळे घेतलं जातं त्यात हा एक, असं संचालकबाईंनी कळवलं होतं. ज्या इमारतीतून अण्णा 'उत्पादन कमी' हा शेरा घेऊन बाहेर पडले तिथेच. काकूंनी त्या दिवसासाठी साडी काढून ठेवली होती. मोरपंखी. ती त्यांनी मला दोनदा दाखवली होती.

कार्यक्रम पुढच्या शनिवारी होता. पत्र शुक्रवारी लिहून झालं. मी ते पाठवलं नाही.

आमच्या कामात एक पद्धत आहे. मोठ्या दिवसाच्या आधी चालू यंत्रणेला हात लावायचा नाही. चूक दिसली तरी दोन दिवस थांबायचं. मी स्वतःला हेच सांगितलं. कार्यक्रमानंतरच्या सोमवारी पाठवायचं. आठ-दहा दिवसांनी कुणाचं काय बिघडतं? अण्णांनी जिन्याखालून विचारलं, "गेलं का पत्र?" मी वरून म्हटलं, "गेलं." डॉक्टरचा आवाज नाही, काही नाही. अगदी सहज.

आठवडाभर त्यांना कुणाचा फोन आला नाही, आला तो गाडी किती वाजता पाठवू हे विचारणारा. अण्णा काकूंना म्हणाले, "बघ, पत्र मिळालंय, पण विषय काढत नाहीत. सभ्य माणसं आहेत. आपणही काढायला नको." हे मी जिन्यावरून ऐकलं. तेव्हा तरी खाली उतरायला हवं होतं.

शनिवारी सभागृह भरलं होतं. मी आणि श्रीकांत तिसऱ्या रांगेत, काकू पहिल्या. संचालकबाईंनी मागे पडद्यावर आलेख दाखवला. वर्षागणिक चढत गेलेले संदर्भ. मग शाल, मग अण्णा बोलायला उभे राहिले. कागद नव्हता. म्हणाले, "मी आयुष्यभर ह्या संस्थेवर थोडा रागावलेला होतो. आज तो राग गेला. माझा लेख चुकीचा होता, हे मी कळवल्यावरही तुम्ही मला बोलावलंत. अशी संस्था मी दुसरी पाहिली नाही."

संचालकबाईंनी शेजारच्या गृहस्थांकडे बघितलं. त्यांनी खांदे उडवले. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. अण्णांना डोळ्यांनी कमी दिसायचं, पण सभागृहातली शांतता त्यांना कळत होती. चाळीस वर्षं ते सभांना गेले होते. ते थांबले. त्यांनी मान वळवली आणि मी जिथे बसले होते त्या दिशेला बघितलं. त्यांना माझा चेहरा दिसला असेल की नाही, मला माहीत नाही. मी तो खाली घातला होता.

"पत्र अजून वाटेत असावं," ते म्हणाले. "सरी. मग मीच सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. पाट्या, फाटकं, अज्जीचं अंगण, दोरीवरचे शर्ट. कॉफीचा नियमसुद्धा सांगितला, आणि त्यावर एक-दोन लोक हसले, पण ते हसू पुढे सरकलं नाही. दहा मिनिटांत ते खाली बसले. चहाच्या वेळी सगळे रहदारीबद्दल बोलत होते. संचालकबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सर, हे इथे सांगायची गरज नव्हती. तो लेख आता तुमच्या एकट्याचा राहिलेला नाही." व्याख्यानाचं पुढे कुणी नाव काढलं नाही.

परत येताना काकूंनी शालीची घडी मांडीवर ठेवली होती आणि ती त्या सारख्या नीट करत होत्या. घराच्या पायऱ्यांशी मी म्हटलं, "अण्णा, माझं चुकलं."

"तुझी चूक आठ दिवसांची," ते म्हणाले. "माझ्यापुढे फुशारकी मारू नकोस. आता वर जा आणि पाठव."

मी वर जाऊन पाठवलं. सकाळी खाली गेले तेव्हा ते कार्डांच्या कपाटापाशी बसले होते. 'दारातून गेला'च्या पहिल्या खणात, सगळ्यांच्या पुढे, त्यांनी एक नवीन कार्ड घातलं होतं. त्यावर नाव त्यांचंच होतं.

दुरुस्ती छापून आली. एकच पान, मासिकाच्या शेवटाला. मला वाटलं, आता मूळ लेखाकडे येणारे थांबतील. ते थांबले नाहीत. चुकलेल्या घरी पूर्वीइतकीच वर्दळ, आणि दुरुस्तीच्या घरी कुणी नाही. अण्णा प्रत्येक नव्या पाहुण्याला माझ्याकडून पत्र लिहून घेत : आपण आलात, आनंद झाला, पण मी तिथे राहत नाही, सोबत नवा पत्ता जोडला आहे. बहुतेक कुणी उत्तर दिलं नाही. एकाने दिलं : 'धन्यवाद, बघतो.' त्याचंही त्यांनी कार्ड केलं.

प्रश्न मात्र सुटला नाही. पावणेआठला. "आज कोणी आलं का?" आता तो त्या एका पानाबद्दल असायचा. मी बघायची आणि सांगायची, नाही अण्णा. "सरी," ते म्हणत, आणि आंघोळीला जात. दोन वर्षं असं चाललं. मग अण्णा गेले.

मी अजून बघते. ती सवय, दुसरं काय.

गेल्या महिन्यात एका सकाळी त्या पानापुढे शून्याच्या जागी एक होता. कुणी विद्यार्थिनी. लेख चाळीस पानांचा. मी छापून घेतला आणि ऑफिसला दांडी मारून दिवसभर वाचला. शेरा लिहायचा म्हणजे वाचायला हवंच. गणितं मला कळली नाहीत. तिने निष्कर्ष काय काढलाय, अण्णा पूर्ण चुकले होते की थोडेसे, हेही मला नीट सांगता येणार नाही. पण ती पीण्याला गेली होती. त्याच गल्ल्यांत. तिने शेड मोजल्या नव्हत्या, चुली मोजल्या होत्या. आणि पहिल्या पानाच्या तळटीपेत, मार्गदर्शकांच्या नावांनंतर, तिने एका अज्जीचे आभार मानले होते, रोजच्या कॉफीबद्दल.

मी खाली गेले. काकू भाजी निवडत होत्या. इतक्या वर्षांत त्या प्रश्नात त्यांनी कधी भाग घेतला नव्हता. मी कपाटाचा खण ओढला, कोरं कार्ड काढलं, नाव लिहिलं, गाव लिहिलं.

काकूंनी मान वर केली. "कोणी आलं का?"

"आली," मी म्हटलं, आणि कोपऱ्यात लिहिलं : आत आली.